शेटगावकर सरांचे सव्वीस मार्क

शेटगावकर सर गणित शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत आमच्या डब्यांना मार्क द्यायचे. स्टाफरूममध्ये डबे उघडले की हात मागे बांधून ते टेबलाभोवती एक फेरी मारत, चष्मा जरा वर करून प्रत्येकाच्या डब्यात डोकावत आणि कोणी विचारलेलं नसताना आकडा सांगून मोकळे होत. "तीन चपात्यो, बटाट्याची भाजी. अकरा." "शीत, वालीची भाजी, तळलेलो बांगडो. तेरा. बांगडो भाजून हाडलो असतोस तर धा झाले असते." नव्याने आलेल्या एक बाई तर झाकण आडवं धरून जेवायच्या. सर त्यांच्याजवळ थांबत, नाकाने एकदा वास घेत आणि म्हणत, "झाकून मार्क कमी जायत नाय, बाई."

पण हे नंतरचे सर. मी सावंतवाडीकडून डिचोलीच्या त्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हाचे सर वेगळे होते. त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या, त्यामुळे शाळेत सहकारी आणि घरी शेजारी असे ते मला दिवसभर दिसत. उंच, रुंद, पोट शर्टाच्या बटणांना जेरीस आणणारं. स्कूटरवर बसले की स्कूटर अर्धी वीत खाली जाई. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आत सर फाटकावर हजर. सहा उंडे, म्हणजे गोल पाव, घेत, त्यातला एक गरम गरम तिथेच उभ्याउभ्या संपे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव. मला बरोबर नेत आणि माझ्या बशीत उरलेलं, "टाकू नको रे," म्हणून संपवत. हावरटपणा मात्र त्यात नव्हता. माशाच्या हुमणात तिरफळं ठेचून घातलीत की अख्खी, हे ते वासावरून सांगत. एखाद्या घरी जेवून आले की आठवडाभर त्या घरच्या बाईचं नाव आदराने घेत.

वर्गात त्यांची एक रीत होती. फळ्यावर कोणाचं गणित चुकलं तर ते पुसू देत नसत. चुकीभोवती खडूने चौकोन काढत आणि शेजारी बरोबर उत्तर लिहीत. "चूक रवांदी थंयच. पुसली की परत होता," म्हणत. तास संपेपर्यंत फळ्यावर असे चारपाच चौकोन असत, आणि ज्याचा चौकोन असे त्याला लाज वाटत नसे, कारण एखादा चौकोन सरांचा स्वतःचाही असे.

आमच्या शाळेचा जिना दोन वळणांचा होता. एका सकाळी दहावीच्या मुली धावत मला बोलवायला आल्या. सर पहिल्या वळणावर पायरीवर बसले होते. हातात खडूंची पेटी, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. मला बघून म्हणाले, "काय जावक नाय. जरा बसलंय." पण पेटी माझ्या हातात देऊन त्यांनी कठडा धरला.

गावातले डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी निघाले. तपासण्यांचे कागद समोर पसरून ते म्हणाले, "सर, आलेख वर वर गेलो तर तेचो अर्थ काय, तां तुमीच शिकवलात. आता हो तुमचो बघा." साखर, रक्तदाब, सगळंच वर. वजन एकशे आठ किलो. वीस किलो उतरवा, मग पुढचं बोलू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. सर मान खाली घालून ऐकत होते, गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. सकाळी उकडलेला दुधी, दुपारी उकडलेला दुधी, संध्याकाळी ताक. सर कोणाशी बोलत नसत. पोदेराचा भोंगा वाजला की आत जाऊन दार लोटून घेत. एक दिवस कुंपणाशी वहिनींनी मला थांबवलं. सुलभावहिनी सुर्ल्याच्या, बारीक चणीच्या, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी सांगा हेंका. घरात सुतक असल्यासारखे जेवतत."

दिवाळीला त्यांची मुलगी केतकी पुण्याहून आली आणि तिने सरांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. प्रत्येक पदार्थाला पॉइंट ठरलेले. दिवसाला तुमच्या वजनाप्रमाणे अमुक इतके. तेवढ्यात बसवून काय हवं ते खा. सरांच्या वाट्याला सव्वीस आले. कल्पना त्यांना एकदम पटली. "म्हणजे उपास नाय. उंडो खाल्लो तर खाल्लो, दुसरीकडे कमी करूचा." पॉइंट हा शब्द मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बदलला. मास्तराच्या घरात मार्कच असणार.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. स्टाफरूममध्ये सर फोन नाकाशी धरून बसले होते. पेज लिहिलं, सापडली नाही. खतखतं नाही. मुगागाठी नाहीत. पोयी नाही, सोलकढी नाही. फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "सावंता, बघ. हेच्यात एवोकाडो आसा, नाचण्याची आंबील नाय. आमी काय खातो तां हेंका ठावकच नाय. मग माझा वजन हे कसा उतरवतले?"

त्या शनिवारी हॉटेलात न जाता ते बाजारातून एक छोटा वजनकाटा घेऊन आले. पुढचा महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा चालली. तांदूळ कच्चे किती, शिजल्यावर किती. एका उंड्याचं वजन, एका पोयीचं. खोबरं, तेल, गूळ. केतकी पुण्याहून पुस्तकातले आकडे सांगे, सर वहीत मांडत. काटा सगळ्यांच्या घरी नसणार म्हणून मापं त्यांनी साधी ठेवली. एक डाव शीत, म्हणजे भात, तीन मार्क. एक वाटी पेज, दोन. उंडा, चार. पालेभाजी आणि काकडी, शून्य, पोट भरेपर्यंत. वहिनी वैतागल्या होत्या. काट्यावर कढईच चढवलेली बघून म्हणाल्या, "स्वतःचा वजन करूचा सोडून माझ्या कढईचा कित्याक करतात?"

खरं भांडण झालं नारळावरून. दोघांच्या हुमणाला वहिनी अर्धा नारळ वाटत. सरांच्या हिशोबाने त्यात सगळे सव्वीस बुडत होते. त्यांनी पाव नारळ सुचवला. वहिनींनी दोन दिवस पाव नारळाचं हुमण केलं. तिसऱ्या दिवशी मी कशाला तरी गेलो होतो तर सर ताटावर बसलेले, वहिनी समोर उभ्या.

"कसा झाला?" वहिनींनी विचारलं.

सरांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. "पाणी झाला," ते म्हणाले.

"मग?"

"उद्यापासून तुझा अर्धोच नारळ घाल. मी एक डाव कमी घेतंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कढी बिघडवून वजन उतरवचा नाय, सावंता. ता पाप."

पुढे ती यादी माणसांच्या हाती गेली तेव्हा या वाक्यावरच ती चालली असं मला वाटतं. सर कोणालाच काही सोडायला सांगत नसत. वाळपईला शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. सर आधीचे चार दिवस पेज आणि भाजीवर राहिले होते आणि मार्क साठवत होते. पंगतीला बसले ते मांडी ठोकून. सगळं खाल्लं, सावकाश, बोटं चाटून. मणगणं, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची खीर, वाढणारी बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "दोन उरलेत. अर्धी वाटी घाल." ती हसली, अर्धी वाटी घातली आणि तिथेच उभी राहिली. "कसले दोन उरलेत?" सरांनी सांगितलं. तिला साखरेचा आजार होता. जेवणं उरकल्यावर मांडवाच्या कोपऱ्यात सर खुर्चीवर आणि भोवती दहाबारा बायका असं चित्र मी पाहिलं. सर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला मार्क लिहीत होते.

मग यादीच्या झेरॉक्स निघाल्या. एक आमच्या स्टाफरूममध्ये लागली, एक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी भिंतीवर लावली. सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवणारा एक जुना विद्यार्थी, आमच्याच सिंधुदुर्गाकडचा, सरांना भेटायला आला. दिवसभर टपरीवर जेवणारा माणूस, पेजेचे मार्क घेऊन काय करणार? सर रविवारी स्कूटरने सुर्ल्याला गेले, मला मागे बसवून. त्या टपरीवर बसून तिथल्या सात पदार्थांचे मार्क काढले आणि टपरीवाल्याच्याच पाटीखाली खडूने लिहिले. टपरीवाला आधी चिडला. पण चहात साखर एक चमचा घेतली तर अर्धा मार्क हे वाचून ड्रायव्हर आपणहून कमी साखर मागू लागले, तेव्हा त्याची साखर वाचायला लागली आणि तो सरांना उठून नमस्कार करायला लागला.

दीड वर्षात सर चौऱ्याऐंशी किलोवर आले. जुन्या पँटी वहिनींनी दोन्ही बाजूंनी आत घेतल्या. डब्यांची फेरी सुरू झाली ती याच काळात. सरांना त्यात मौज वाटे, आम्हालाही. कोणाचं काही बिघडत असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

जुलै महिन्यात, प्रार्थनेच्या वेळी, नववीतली तन्वी रांगेत कोसळली. तिला आरोग्य केंद्रात नेलं, सलाइन लावलं. नर्सबाई म्हणाल्या, "पोरीच्या पोटात काही नाही." तिच्या दप्तरात एक छोटी वही सापडली. सरांच्या यादीप्रमाणे रोजचे मार्क लिहिलेले. चौदा. अकरा. नऊ. आदल्या दिवशीचे सात. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात होतं, 'सरांनी चोवीस किलो उतरवले. मी सहा उतरवणार.' तिची आई घरी झेरॉक्स वापरत होती, तीच पोरीने उचलली होती.

सरांनी ती वही आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मिटून खिशात ठेवली. दोन दिवस ते स्टाफरूममध्ये आले नाहीत. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून राहत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल माझ्यावांगडा." आम्ही तन्वीच्या घरी गेलो. तिची आई घाबरली, सर रागवायला आले असं तिला वाटलं. सरांनी तिच्याकडे चहा मागितला, आणि म्हणाले, "उंडे असतील तर दोन दी. मस्को लाव बरो."

तन्वी भिंतीला टेकून बसली होती. सरांनी एक उंडा तिच्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला आणि खायला लागले. ती उंड्याकडे बघत बारीक आवाजात म्हणाली, "सर, मस्का लावून किती मार्क?"

"माका ठावक नाय," सर म्हणाले. "आज मी मास्तर नाय. पावणो म्हणून इलंय. पावण्याबरोबर खातत, मोजीत नाय."

तिने अर्धा उंडा खाल्ला. त्यानंतर दर गुरुवारी शाळा सुटल्यावर सर तिच्या घरी चहाला जात. दिवाळीपर्यंत गेले. एकदा मी म्हटलं, सर, तुमचा काय दोष, तुम्ही मुलांना यादी दिली नव्हती. ते म्हणाले, "कागदावर लिहूक होया होता, कोणासाठी नाय तां. लिहिलंय नाय मी." स्टाफरूममधली यादी त्यांनी काढली नाही. तिच्याभोवती लाल पेनाने जाड चौकोन काढला आणि वर लिहिलं, 'वाढत्या वयाच्या मुलांनी या कागदाला हात लावू नये. त्यांना भूक लागेल तेवढं द्यावं.' आरोग्य केंद्रातल्या आणि ठाऊक होत्या त्या सगळ्या घरांतल्या झेरॉक्सवर तेच वाक्य स्वतःच्या हाताने लिहून आले. डब्यांची फेरी मात्र त्या जुलैत थांबली ती कायमची. नव्या बाईंनी झाकण बाजूला ठेवलं तरी सर खिडकीबाहेर बघत आपला घास घेत.

सर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनींना गिळताना त्रास होऊ लागला. अन्ननलिकेत गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलात किरणांचे आणि इंजेक्शनांचे उपचार सुरू झाले, आठवड्याचे पाच दिवस. तोंडाला चव राहिली नाही, घशाला जखमा. एकोणपन्नास किलोच्या वहिनी महिन्यात त्रेचाळीसवर आल्या. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, आणखी उतरल्या तर उपचार मध्येच थांबवावे लागतील, आणि थांबवून चालणार नाही.

त्या संध्याकाळी मी गेलो तर सर स्वयंपाकघरात जुनी वही उघडून बसले होते. ज्या ओळींवर त्यांनी स्वतःसाठी फुली मारली होती त्या ओळी ते नव्या कागदावर उतरवत होते. नारळाचं दूध. तूप. काजू. केळं. अंडं. मला म्हणाले, "तेव्हा सव्वीसच्या खाली रवाचा होता. आता हिका सव्वीसच्या वर न्हेवचा आसा." आणि मग, वहीतून डोळे न काढता, "माका जेवण करूक येना, सावंता. इतकी वर्सां नुसतो वास घेतलंय."

पहिली पेज त्यांनी करपवली. दुसरी खारट झाली. वहिनी खाटेवरून सांगत, सर स्वयंपाकघरातून "काय? काय?" विचारत, आणि वहिनींचा आवाज उरला नव्हता म्हणून मी मधल्या दारात उभा राहून निरोप पोचवत असे. "विस्तव कमी करा म्हणतात." "दूध शेवटी घाला म्हणतात, उकळू नका." पंधरा दिवसांत त्यांना नारळाच्या दुधातली मऊ पेज जमली. दर दोन तासांनी ते वाटी आणि छोटी कुलेर, म्हणजे चमचा, घेऊन खाटेशी बसत. प्रत्येक कुलेरीमागे वहीत एक रेघ.

एका दुपारी वहिनींनी तोंड फिरवलं. "पुरे."

"आठच मार्क झाले गो आज. आणखी दोन कुलेरी."

"माका जायना."

सर वाटी मांडीवर धरून बसून राहिले. वहिनींनी हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भावजी, हेंका विचारा, हेंचे किती झाले आज."

मी विचारलं. सर पेज ढवळायला लागले. वहिनी म्हणाल्या, "सांगनत नाय ते. काल सकाळी एक उंडो, मग चाय. दुपारी माझी उरलेली पेज. मी पडून पडून मोजतंय. दहासुद्धा जायनत."

तेव्हा माझं लक्ष गेलं. सरांचा शर्ट खांद्यावरून खाली उतरला होता. गालांची हाडं दिसत होती. आम्ही सगळे वहिनींकडे बघत होतो.

"आता माझा ऐका," वहिनी म्हणाल्या. एकेक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "मी एक कुलेर खातलंय. मग तुमी दोन घास. माझ्या समोर. तुमी खायलात नाय तर मी तोंड उघडूचंय नाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, सरांसाठी शीत आणि डाळ वाढून आणली. त्यांनी ताट घेतलं. वहिनींनी कुलेर गिळली, डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं आणि बोटाने सरांच्या ताटाकडे खूण केली. सरांनी दोन घास घेतले. पुन्हा कुलेर. पुन्हा दोन घास. तो कार्यक्रम तासभर चालला. वहीत त्या दिवसापासून दोन रकाने झाले. वहिनींचा रकाना सर भरत, सरांचा रकाना वहिनी भरत, आणि एखाद दिवशी सरांनी ताटात काही टाकलं तर वहिनी त्यांना सरळ नापास करत.

उपचार एकही दिवस न चुकता पुरे झाले. वहिनी त्रेचाळीसच्या खाली गेल्या नाहीत. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी गाठ दिसत नाही असं सांगितलं तेव्हा सर तिथल्याच बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी त्यांचा हात धरला आणि आजूबाजूच्या माणसांना म्हणाल्या, "काय नाय, बरी बातमी आसा."

वहिनींचे केस परत आले ते पांढरे आणि कुरळे. त्याच वर्षी दोघं डिचोलीचं घर सोडून मोरजीला, सरांच्या मूळ घरी राहायला गेले. समुद्राची हवा चांगली, असं कारण सांगितलं. माझ्या दोन खोल्यांच्या पुढची सगळी दारं-जनेलं त्यानंतर बंद असत. सकाळी भोंगा वाजला की मी एकटा फाटकावर जात असे.

सर गेले त्याला आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले. मी पोचलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आदल्या दिवशी दुपारी बांगड्याचा हुमण केलेला. दोनदा मागून घेतल्यानी." एवढंच बोलल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

मला मात्र आठवतात ते त्याआधीच्या हिवाळ्यातले सर. मी सकाळी लवकर मोरजीला पोचलो होतो. घराला कडी होती, शेजारीण म्हणाली, दर्यार गेलीत दोघांय. किनाऱ्यावर ऊन नुकतंच वाळूवर आलं होतं. गावातल्या माणसांनी समुद्रात मोठं जाळं टाकलं होतं आणि वीसपंचवीस जण दोन दोर धरून ते किनाऱ्याकडे ओढत होते. वहिनी कोरड्या वाळूवर पाय पसरून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, शेजारी सरांच्या चपला. मला बघून त्यांनी नुसतं पुढे बोट दाखवलं. दोराच्या रांगेत मधोमध सर होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय वाळूत रोवलेले, सगळ्यांबरोबर मागे झुकून एका सुरात ओढत होते. त्यांना मी दिसलो. हात मोकळे नव्हते, दम लागला होता, म्हणून बोलले नाहीत. हसले आणि हनुवटीने स्वतःच्या मागची रिकामी जागा दाखवली. मी चपला काढल्या आणि तिथे जाऊन ओला दोर धरला.